करंजथडीचा हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. मित्रांनो, माझ्या पोटावर एका गावाचं नाव होतं.

पैठणच्या तांबटानं मला ठोकून घडवलं. काकासाहेबांच्या लग्नात अख्ख्या गावानं मला आहेर म्हणून दिलं, तेव्हा छिन्नीनं ठिपके मारून नाव घातलं: 'चि. काकासाहेब यास, समस्त गावकरी, मौजे करंजथडी.' त्यांची बायको चतुराबाई मला डोक्यावर घेऊन गोदावरीचं पाणी आणायची. बायका माझं कौतुक करायच्या आणि मी फुगायचो.

मग धरण झालं, करंजथडी पाण्याखाली गेली. माणसं पांगली. काकासाहेबांनी काठावर दोन खोल्या बांधल्या, चतुराबाई तिथंच वारली. तिच्यामागं मला कोण विचारतो? माझ्यात कांदे भरून ठेवले.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा सोमनाथ सार्थक आणि श्रेया या आपल्या पोरांना घेऊन बजाजनगरहून आला. पाणी आटलं होतं. काकासाहेब नातवंडांना गावाच्या खुणा दाखवायला घेऊन गेले. इकडं सोमनाथनं मला अंगणात ओढलं. तो कारखान्यात पॉलिशचं काम करतो, तांब्यावर एक ओरखडा त्याला खपत नाही. वडलांना खूश करायचं म्हणून त्यानं मला सोबत आणलेल्या पॉलिशच्या मशीनच्या चाकाला लावलं. मला ओरडता येत असतं, तर मी ओरडलो असतो.

दुपारी तिघं परतले; गाळात गावाची एकही खूण सापडली नव्हती. सार्थक मोबाईल दाखवत म्हणाला, "आजोबा, मॅपवर नुसतं पाणीए. गाव नव्हतंच इथं."

"म्हातारा खोटं बोलतो व्हय? हंड्यावर नाव हाय. जा, वाच."

श्रेयानं मला दोनदा फिरवून पाहिलं. "आजोबा, यावर तर काहीच नाही."

काकासाहेबांनी माझ्या पोटावरून बोट फिरवलं.

"अण्णा, कसा चमकतोय बघा," सोमनाथ वडलांना म्हणाला. "लई खड्डे होते, समदे काढले."

"खड्डे नव्हते रं ते."

संध्याकाळी श्रेयानं विचारलं, "आजोबा, गावात शाळा होती का?"

"असंल," काकासाहेब म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

मित्रांनो, आता घरी येणारा प्रत्येक जण माझ्यासोबत फोटो काढतो. एवढं कौतुक माझं कधीच झालं नव्हतं, आणि मला त्याची किळस येते. जुनं भांडं उजळायला घ्याल, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी एवढंच विचारा, की यावर काय लिहिलंय. सोमनाथनं विचारलं नाही.