सारजाबाईच्या बांधावरची वाट

होटगीच्या शिवारातली ती पाऊलवाट आधी ओढ्यात उतरायची, मग मुरमाच्या टेकाडावर चढायची आणि शेवटी सारजाबाईच्या रानाच्या बांधावरनं अक्कलकोट रोडला मिळायची. डांबरी सडकेनं गेलं तर मोठा वळसा पडे. त्यामुळं एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात जाणारी वस्तीवरची सहा-सात माणसं सकाळच्या पाळीला मिळूनच निघायची, सायकली काढून, याच वाटेनं. यशवंत पुढं असायचा. टेकाडाची उतरण त्याला फार आवडे. ब्रेक न दाबता सायकल सोडून द्यायची. दिवसभर कानात लूमचा खडखडाट, त्याआधी तेवढा वारा.

त्या साली उत्तरा नक्षत्राचा पाऊस संध्याकाळचा रोज येऊ लागला. एका सकाळी सारजाबाई बांधावर आडवी उभी राहिली. पन्नाशीची, काटक बाई. तो बांध तिनं आणि तिच्या नवऱ्यानं दुष्काळात स्वतः खपून घातला होता.

"म्होरक्या कोन हाय तुमच्यात?"

सगळ्यांनी यशवंतकडं पाहिलं.

"भीमाबाईचा न्हवं का तू?" ती म्हणाली. यशवंतची आई तिच्या रानात खुरपायला जायची. "हे बघ. चालत जावा, सायकल हातात धरून जावा, मी कवा आडवलंय? पर वल्या बांधावर चाकं घालू नगा. चाकोरी पडती, तीत पानी शिरतंय आन बांध फुटतोय. पेरलंय मी."

"न्हाय घालत, मावशी. शब्द देतो."

मागं मानसिंग पुटपुटला, "हातात धरून न्यायची तर सायकल कशाला घेतलीय मी?"

मानसिंग अंगानं दांडगा. कारखान्याच्या फाटकात सगळ्यांच्या आधी पोचायची त्याला हौस होती. एक-दोन दिवस तो उतरला. मग एका सकाळी यशवंत सायकल हातात धरून चालत असताना तो बाजूनं निघून गेला. बांध निसरडा होता म्हणून त्यानं चाक खाली पेरलेल्या रानात घातलं. त्याचं बघून बिरप्पा गेला, बिरप्पाचं बघून बाकीचे.

"अरं, रानातनं कुटं चाललाय?" यशवंत ओरडला. कुणीतरी घंटी वाजवून उत्तर दिलं.

गुरुलिंग तेवढा त्याच्याबरोबर चालत राहिला. दोघांना पोचायला उशीर झाला आणि जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं, सगळ्यांदेखत झापलं. "ते बघा, एकाच वस्तीचे हायत. ते वेळेवर येतात, तुमालाच काय होतंय?" मानसिंग मान खाली घालून हसत होता. यशवंतच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण लूम चालू करण्याशिवाय तो काय करणार?

आठवडाभर असंच चाललं. तो रोज सांगायचा, ते रोज हो म्हणायचे आणि रोज चाकं घालायचे. रानात बांधाच्या कडेनं दुसरी वाट पडली. मग एका संध्याकाळी पाऊस असा कोसळला की ओढा भरून वाहिला. सकाळी बघतात तर चाकं बांधावरनं रानात उतरायची त्या चाकोरीच्या जागीच बांधाला भगदाड पडलेलं, आणि कोंब धरलेली ज्वारी मातीसकट वाहून गेलेली.

सारजाबाई भगदाडापाशी बसली होती. ओरडली नाही.

"तू शब्द दिला हुतास."

"मी उतरूनच जात हुतो, मावशी."

"तू उतरत हुतास, ते बघितलंय मी. पर बांध फुटायचा तो फुटलाच की."

त्या संध्याकाळी चहाच्या हॉटेलासमोर यशवंतनं सगळ्यांना गाठलं. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून बांध घालून द्यायचा, असं ठरलं. मानसिंगच पुढं होऊन म्हणाला, "येतो की. घमेली मी आनतो."

सुट्टीच्या दिवशी यशवंत कुदळ घेऊन गेला. मागनं गुरुलिंग आला. बाकी कुणी नाही. मानसिंग आणि बिरप्पा शहरात सिनेमाला गेल्याचं नंतर कळलं. यशवंतची आई स्वतःचं घमेलं घेऊन आली. ती, सारजाबाई, गुरुलिंग आणि यशवंत दिवसभर माती ओढत राहिले. हाताला फोड आले. उन्हं कलताना बांध एकसारखा झाला. सारजाबाईनं सगळ्यांना भाकरी-पिठलं दिलं आणि म्हणाली, "माती बसंस्तोवर हितनं कुनी जाऊ नगा. मग वाट तुमचीच हाय."

यशवंतनं घरोघर जाऊन निरोप सांगितला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आणि गुरुलिंग सडकेनं निघाले. कारखान्याच्या फाटकाशी मानसिंग आधीच विडी ओढत उभा होता. त्याच्या सायकलीच्या चाकांना ओली काळी माती थापलेली होती.

"बांधावरनं आलास?"

"सडकेनं लई लांब पडतंय. दोन चाकांनी काय बांध मोडतोय व्हय? तू उगंच लई मनावर घेतोस."

यशवंतनं त्याची गचांडी धरली. "तिथं माझी आई राबलीया!" एवढंच त्याच्या तोंडातून निघालं. मानसिंगनं ढकललं, सायकली आडव्या झाल्या, लोक जमले. जॉबर आला, आणि ज्यानं आधी हात टाकला त्याला त्यानं दिवसभरासाठी घरी पाठवलं.

परतताना सडकेवरून यशवंतला दिसलं. सारजाबाई बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकत होती. दुसऱ्या टोकाला आधीच टाकून झाल्या होत्या. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"मावशी, एकट्या मानसिंगनं केलंय."

"आसंल. मी काय रोज राखत बसू? आता कुनीच न्हाय. चालत बी न्हाय."

ती चिडलेली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं. ती फक्त दमलेली होती. त्यानं एक फांदी उचलून तिच्या हाताशी दिली, तेव्हा काटा त्याच्या तळहातात मोडला.

वाट गेली ती सगळ्यांचीच गेली. बाजाराला पायी जाणाऱ्या बायकांना डोक्यावर पाटी घेऊन सडकेचा वळसा पडू लागला. त्या सायकलवाल्यांना शिव्या घालायच्या, तोंडावर यशवंतला, कारण पुढं तो असायचा. मानसिंगही सडकेनं जाऊ लागला. एकदा सगळे मिळून चालले असताना तो म्हणाला, "बाई लई आडमुठी. पिढ्यान्‌पिढ्याची वाट बंद केली."

यशवंतनं तोंड उघडलं. गुरुलिंगनं नुसती मान हलवली, सोड म्हणून. यशवंत जोरात पायडल मारत पुढं निघून गेला, आणि त्या दिवसापासून तो घोळक्यातून सुटला.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्यानं आईला मागं कॅरिअरवर बसवलं, तिची पाटी हँडलला बांधली.

अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "तू सांगितलं हुतंस न्हवं त्यास्नी?"

"रोज सांगत हुतो."

"मग?"

चढ लागला होता. यशवंत उतरला, आईला बसू दिलं, आणि दोन्ही हातांनी हँडल धरून सायकल ओढत चढावर निघाला.