दोन्ही भाषांतला राग

"राग म्हणजे राग नव्हे गं, बाई," असं स्वतःशीच पुटपुटत प्रभावतीबाईंनी बकुळच्या उत्तरावर लाल फुली मारली.

त्या उत्तर भारतात, रामघाटाजवळच्या एका मुलींच्या शाळेत हिंदी शिकवत. नुसतं मत मांडू नका, धड्यातला आधार द्या, हे त्यांचं पालुपद मुलींना पाठ झालं होतं. या धड्यात मुलगा परगावी निघतो आणि 'माँ के मन में राग ही राग था' असं वाक्य येतं. हिंदीत राग म्हणजे माया. पण बकुळ पडली मराठी घरातली. आई मुलावर रागावली होती, असं तिने बेधडक लिहिलं होतं.

फुली मारून झाल्यावर त्यांनी पुढचं वाचलं. आईने शिदोरी बांधली, पण मुलाकडे पाहिलं नाही. घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. निरोप द्यायला दाराशी आली नाही. सगळं धड्यातलंच होतं, पदरचं काही नव्हतं. पोरीचं कौतुक वाटता वाटता प्रभावतीबाईंचा चेहरा उतरला.

आतल्या खोलीत त्यांचा विश्वेश्वर सामान बांधत होता. इथली बँकेतली नोकरी सोडून तो पुण्याला निघाला होता. नवरा गेल्यापासून घरात दोघंच. त्याचं जायचं ठरलं तेव्हापासून त्या त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या. प्रवासाचा डबा मात्र पहाटेच भरून ठेवला होता. हा असाच गेला तर काय समजून जाईल, या विचाराने त्यांना धसका बसला.

विश्वेश्वर बॅग घेऊन बाहेर आला आणि पाया पडला.

"येतो, आई. चौकापर्यंत पैदलच जातो, तिथे रिक्शा मिळेल." तो घुटमळला. "माझ्यावर राग आहे ना तुझा?"

"आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाषांतला."

हिंदी तो त्यांच्याकडूनच शिकला होता. त्याला कळलं.

"आधार?" त्याने हुबेहूब त्यांच्या सुरात विचारलं.

त्यांनी चपला घातल्या आणि गल्लीच्या वळणापर्यंत त्याच्याबरोबर गेल्या.

परत आल्यावर त्यांनी बकुळच्या उत्तरावरची फुली खोडली, पूर्ण गुण दिले. मग मोरीत जाऊन, सकाळीच घासून पालथं घातलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.