देवाच्या दाढीमागची अक्षरं

मी सेथ्रे, वेल्ख गावचा तांबट. मी घडवलेल्या एका देवाने मला एकदा डोळा मारला होता, असं मी सांगतो. गाव हसतं. हसू दे. पण आता सांगतो ती हकीकत खरी आहे, आणि नेमकी हीच कुणाला पटत नाही.

अव्हिले वारला. त्याच्या बायकोने, हस्तीने, थडग्यातल्या पलंगासाठी काशाचे चार मुखवटे सांगितले. बैलाच्या शिंगांचा नदीदेव अख्लाए. वर बजावलं, "सेथ्रेबाबा, 'थडग्याचं' अशी अक्षरं कोरा, ठसठशीत. धाकट्या भावोजींची नजर मला ठाऊक आहे."

मेलेल्याची वस्तू जित्याने वापरू नये म्हणून आम्ही ती खूण करतोच. पण देवाच्या कपाळावर छिन्नी चालवायला हात धजेना. मी दाढीच्या मागे कोरली. हस्तीने बोटाने चाचपून पाहिली, तेव्हाच पलंग आत गेला. दार बंद झालं. घरातलं पुढचं माणूस जाईपर्यंत आम्ही ते उघडत नाही.

मग धाकटा भाऊ वेनेल आला. "बाबा, तसलेच चार मला. जेवणाच्या पलंगाला."

लाकडी ठोकळा तयारच होता. त्यावर पत्रा ठोकला, झालं. पण हाताचं वळण बघा, यांच्याही मागे तीच अक्षरं कोरून बसलो! ध्यानातच आलं नाही.

वेनेलच्या मेजवानीला हस्ती त्याच पलंगावर रेलली. बोलता बोलता तिची बोटं मुखवट्यामागे सरकली.

"भावोजी, सख्ख्या भावाला लुबाडलंत?"

"काय बोलता वहिनी! नवे आहेत हे!"

"नवे? मग मागे 'थडग्याचं' कशाला? तुमचं घर थडगं आहे?"

थडगं फोडणाऱ्याच्या घरी आमच्यात कुणी पाणीही पीत नाही. पाहुणे उठू लागले. वेनेलचं तोंड काळंठिक्कर पडलं. मी ओरडलो, "थांबा! चूक माझी! दोन्हीकडचे मुखवटे मीच ठोकले!"

"तुम्ही?" हस्ती म्हणाली. "परवा तुम्ही गाणारा मासा ऐकून आला होतात ना? भावोजींनी काय कबूल केलंय तुम्हाला?"

"उघडा थडगं, मोजा मुखवटे!" वेनेल किंचाळला.

"उघडू की. आधी कुणीतरी मरा."

तेव्हापासून वेनेल शिंकला की हस्ती लगेच विचारपूस करायला येते. तिने आणलेले अंजीर वेनेल आधी कुत्र्याला घालतो. कुत्रा झकास लठ्ठ झालाय.