अर्नेल बूकरची नोकरी

"तुम्ही इथे नक्की काय काम करता, मिसेस बूकर?" कॉलेजच्या वकिलाने विचारलं.

"म्हातारी माणसं कुशीवर वळवते," अर्नेल म्हणाली. "दर दोन तासांनी. नाही वळवली तर पाठीला जखमा होतात. वेळ आली की तुम्हालाही वळवीन."

मला हसू आलं. वकिलाला आलं नाही.

आमच्या वृद्धाश्रमाच्या जेवणघरात आम्ही तिघं बसलो होतो. मी मार्व्हा, अर्नेलच्याच मजल्यावर कामाला. मार्व्हा शेजारी बसली तरच तोंड उघडीन, असं अर्नेलने बजावलं होतं, म्हणून मला आत घेतलं होतं.

तिचा मुलगा टेव्हिन इथल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्यामागे अकरा कॉलेजं लागली होती. तेव्हा इथल्या दुय्यम प्रशिक्षकाने अर्नेलला मिसिसिपीत फोन केला. आमच्या गावातल्या वृद्धाश्रमाला अनुभवी बाई हवी आहे, म्हणाला. तिकडे सोळा वर्षं तिने हेच काम केलेलं. कुणीतरी आपल्या कामाची कदर केली, असं बिचारीला वाटलं. वृद्धाश्रमाचा मालक क्लेटन रूश हा त्या संघापायी वेडा झालेला माणूस, हे तिला इथे आल्यावर कळलं. आणि आपला पगार इतरांच्या दीडपट आहे, हे कळलं ते थेट वर्तमानपत्रात छापून आल्यावर. आमच्याकडे कुणी कुणाला पगार विचारत नाही. ती बातमी वाचून माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? पण दोन वर्षांत तिच्या एकाही म्हाताऱ्याच्या पाठीला जखम झाली नव्हती, हेही मला ठाऊक होतं.

खेळाडू आपल्याकडे यावा म्हणून त्याच्या घरच्यांना काही देणं नियमात बसत नाही. चौकशी लागली आणि टेव्हिनचं खेळणं बंद झालं.

वकिलाने एक कागद पुढे सरकवला. "यात लिहिलंय की नोकरी नावापुरती होती. मुलगा या कॉलेजात येणार म्हणून ती मिळाली, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही आणि रूशनी परस्पर ठरवलं. प्रशिक्षकांना पत्ता नव्हता. मुलालाही नव्हता."

"मग फोन कुणी केला? माझ्या मेलेल्या आजीने?"

"सही केलीत तर कॉलेज टेव्हिनच्या मागे उभं राहील. आठ सामने बाहेर बसेल, मग खेळेल. नाहीतर त्याचं खेळणं संपलं. शिष्यवृत्तीही गेली."

"नावापुरती!" अर्नेल माझ्याकडे वळली. "मार्व्हा, सांग गं याला."

"आमच्यापेक्षा जास्त काम केलंय तिने, साहेब," मी म्हटलं. त्याने सभ्यपणे मान डोलावली आणि काहीही लिहून घेतलं नाही. मला त्याचा टाय धरून ओढावासा वाटला.

अर्नेलने ओठ हलवत कागद तीनदा वाचला. "पोराला तरी खरं सांगू ना?"

"चौकशीत त्यालाही शपथेवर विचारतील. तुम्ही त्याला जे सांगाल, तेच त्याला तिथे सांगावं लागेल."

तिने सही केली.

टेव्हिन बाहेर व्हरांड्यात थांबला होता. वकिलाने हाक मारली तसा दारातून वाकून आत आला.

"ममा, हे लोक म्हणतायत तुला सगळं माहीत होतं. काल मी संघातल्या दोघांच्या अंगावर धावून गेलो. म्हटलं, माझी आई असली नाहीये, ती राबून खाते. तू सांग. तू जे सांगशील ते मी मानतो. माहीत होतं?"

अर्नेलने माझ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं, मी बोलून गेले असते.

"हो," ती म्हणाली.

"आणि मला बोलली नाहीस?"

"पगार चांगला होता, बाळा."

टेव्हिनने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्या घराची किल्ली सोडवायला घेतली. मोठ्या बोटांना ते कडं लवकर उघडेना. आम्ही तिघंही बघत राहिलो. अखेर किल्ली निघाली. ती टेबलावर ठेवून तो निघून गेला.

वकील फाइल बंद करत होता.

"आठ सामने म्हणजे," अर्नेलने त्याला विचारलं, "नाताळच्या आधी खेळेल ना?"

"बहुतेक."

तिने मान डोलावली आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली.