हिरवळीवरून फोन

माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर हिरवळ होती. हिरवळीवर बाक, बाकावर पुस्तक घेऊन बसलेली मुलगी आणि मागे झाडांची रांग. हे छायाचित्र मुख्य कॅम्पसचं आहे, असं आतल्या पानावर मुंग्यांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी जाणार होते ते त्याच विद्यापीठाच्या, भलत्याच देशातल्या शाखेत. पण मुंग्यांएवढी अक्षरं वाचायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मी जायला आईचा विरोध होता. बाबा आठ दिवस ते पत्रक तिच्यासमोर नाचवत होते. "अगं बघ तरी. मोकळी जागा, झाडं. पोरगी काही कोंडवाड्यात नाही चाललेली." शेवटी आई म्हणाली, "तुमच्या शब्दावर पाठवते. तिथे तसं नसलं तर मला तोंड दाखवू नका." बाबांनी शब्द दिला. ते लिफ्टचे मेकॅनिक. तीस वर्षांत आपण ना कधी शब्द मोडला, ना कुठली लिफ्ट बंद ठेवली, असं ते स्वतःच सांगत.

मी पोचले. विद्यापीठ म्हणजे टाइल्सच्या शोरूमवरचे तीन मजले. पहिल्यावर ऑफिस, दुसऱ्यावर वर्ग, तिसऱ्यावर आमच्या खोल्या. माझी खिडकी समोरच्या इमारतीच्या एसीच्या डब्यांकडे उघडायची. हिरवं म्हणाल तर वर्गातलं जाजम तेवढं. पहिल्या दिवशी मी बॅगेवर बसून रडले, दुसऱ्या दिवशी घरी फोन केला. रेंज फक्त तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोरच्या बाकड्यावर यायची.

"कशी आहे गं जागा?" आईने विचारलं. तिच्यामागे बाबा खाकरले.

"चित्रातल्यासारखी," मी म्हणाले. "आत्ता हिरवळीवरच बसलेय."

तेवढ्यात लिफ्ट आली. टिंग.

"ते काय वाजलं?"

"सायकलची घंटा. इथे सगळे सायकलवरूनच फिरतात."

एक थाप पचली की माणूस धीट होतो. तीन वर्षं, दर रविवारी चार वाजता, मी त्या हिरवळीची मशागत केली. झाडांना फुलं आणली. एक माळी नेमला. आईला जवळचा वाटावा म्हणून त्याला गुडघेदुखी दिली. "त्याला म्हणावं, गरम पाण्याने शेक," आई दर आठवड्याला बजावायची. तिचेही गुडघे दुखायचे. बाबा फारसं बोलत नसत, नुसते ऐकत. एकदा एवढंच म्हणाले, "सायकली बऱ्याच आहेत हो तुमच्याकडे."

खरं सांगते, मला त्या बाकड्याचा लळा लागला होता. त्याचा एक पाय आखूड होता आणि खाली टाइलचा तुकडा सरकवलेला होता. नंतर मी पुष्कळ चांगल्या खुर्च्यांवर बसले. पण अजून रविवारी चार वाजले की तेच बाकडं आठवतं आणि जीव कासावीस होतो.

पदवीदानाला बाबा येतो म्हणाले. माझी झोप उडाली. बाबांचा शब्द मी तीन वर्षं सांभाळला होता. आता त्यांनी शोरूम बघितलं की संपलं. त्यांना खोटं बोलता येत नाही याची मला खात्री होती. घरी जाऊन ते आईला सगळं सांगणार आणि तोंडघशी पडणार.

टॅक्सी शोरूमसमोर थांबली. मी काही बोलायच्या आत बाबा सरळ लिफ्टपाशी गेले. बटण दाबलं. टिंग. दार उघडलं, मग बंद होताना निम्म्यावर अडखळलं आणि मागे गेलं.

"हीच ती," बाबा म्हणाले. "आधी बरी होती. गेल्या वर्षापासून दार अडतंय. खाचेत काहीतरी आहे. केसातली पिन दे बघू."

नव्या पँटची पर्वा न करता ते गुडघ्यांवर बसले आणि दाराखालच्या खाचेतून टाइलची नखाएवढी कपची उकरून काढली. दार अलगद बंद झालं. वॉचमन बघत राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच फोनला कळलं. हयात गेली माझी या आवाजात. सायकल म्हणे."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पिन पुसून परत दिली. "कुठल्या तोंडाने बोलणार? दर रविवारी ऐकायचो. माझ्या शब्दापायी लेक कोंडवाड्यात बसलीय आणि वर मलाच सांभाळून घेतेय." मी वाकून त्यांच्या गुडघ्यांवरची धूळ झटकत राहिले. बराच वेळ झटकली.

समारंभ झाल्यावर म्हणाले, "आता हिरवळ शोध." चौकात रस्त्यांच्या मधोमध चार चटयांएवढं गवत होतं. मी पदवीदानाचा गाऊन सावरून त्यावर बसले, बाबा रस्त्याच्या कडेला उकिडवे. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या आणि बाबा शांतपणे फोटो काढत होते.

घरी आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. "हा खांब कसला?"

"विद्यापीठ केवढं मोठं आहे," बाबा म्हणाले. "आत सिग्नल आहेत."

"आणि तो माळी?"

"बरा आहे आता. तुझा शेक लागू पडला."

माझी खात्री तिथेच खोटी ठरली.

ती शाखा पुढे बंद झाली. आई गेली, तिचा त्या हिरवळीवरचा विश्वास शेवटपर्यंत टिकला. बाबांना आता कमी ऐकू येतं. मी अजून दूरच असते आणि रविवारी फोन करते. माझ्या मागे काय वाजतंय, हे त्यांना आता कळत नाही. "कुठे बसलीयेस?" ते ओरडून विचारतात, आणि मी सांगेन ते त्यांना खरं धरावं लागतं. म्हणून मी खरं तेच सांगते, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"घरातच आहे, बाबा. एकटी. आज करमत नाहीये."

ते विचारतात, "येऊ का?"