पिंपाच्या तळातलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनं निळं पिंप आहे. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावरच्या लिटरच्या रेघा ठसठशीत होत्या आणि डोक्यात हवाही भरपूर होती. मासे वाढवणाऱ्या एका घरी मला सिमेंटच्या ओट्यावर पक्कं बसवलं, तोटीला पिल्लांच्या टाक्यापर्यंत जाणारी नळी जोडली आणि मी कामाला लागलो.

तिथे दोन विहिरी होत्या. एकीचं पाणी जरासं खारट, दुसरीचं जीभ आखडेल असं. माशांच्या पिल्लांना लागायचं मधलं. मालक दोन्ही पाणी माझ्यात ओतायचे, बोट बुडवून चाखायचे. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. कौतुक त्यांचं व्हायचं, पण मला त्याचा हेवा नव्हता.

मग मालकांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. साखर आणि मीठ सारखंच! ते दिवसभर पायरीवर बसून राहू लागले. मला फार वाईट वाटायचं.

त्यांची लेक शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "बाबा, आकडे आहेत ना! हा तर माझ्या डाव्या हातचा मळ."

तिने पाणी तपासून आणलं. लिटरमागे मीठ एकीत दोन ग्रॅम, दुसरीत दहा; हवं चार. मिश्रण चाळीस लिटर. तिने भिंतीवर खडूने लिहिलं: क्ष + य = ४०, आणि मिठासाठी २क्ष + १०य = १६०. पहिल्याची दुप्पट दुसऱ्यातून वजा केली. ८य = ८०. म्हणजे य दहा, क्ष तीस.

तसंच ओतलं, तरी पिल्लं मरगळून टाक्याच्या तळाशी बसली. पुन्हा तपासलं, तर मीठ कमी!

"राहू दे पोरी," मालक म्हणाले. "विकून टाकू सगळं."

लेकीचे डोळे भरून आले आणि राग निघाला माझ्यावर. "या पिंपाच्या रेघाच खोट्या! चाळीस ओतले तर अठ्ठेचाळीस दाखवतंय. भंगारात जाऊ दे." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तिने तोटीतून येईल तेवढं पाणी सोडून दिलं, नळी काढली, मला आडवं केलं आणि भसकन पाणी तिच्या पायांवर आलं.

"अगंबाई! बाबा, हे रिकामं नव्हतंच!"

माझी तोटी तळापासून चार बोटं वर आहे. मला रोज गोड्या पाण्याने विसळत, तेव्हा तोटीखालचं पाणी तसंच राही. मालकांच्या जिभेला ते आपोआप कळायचं. समीकरणाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"रोज नळी काढून ओतून देऊ या का?" लेकीने विचारलं.

"नळी दोन दिवसांत तुटेल. ते आठ लिटर धरूनच मांड की."

तिने मांडलं: क्ष + य = ३२. मीठ तेवढंच, १६०. वजाबाकी करून य बारा, क्ष वीस. मग खडू वडिलांच्या हातात दिला. "आता पडताळा तुम्ही घ्यायचा. रोज."

"वीस दुणे चाळीस, बारा दाहे एकशेवीस... बरोबर आहे गं!" किती दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता.

दुसऱ्या दिवशी पिल्लं वर येऊन खाऊ लागली. मालक त्यांना न्याहाळत तिथेच उभे होते. बसायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मित्रांनो, भांडं असो की माणूस, त्याला मोडीत काढण्याआधी आत काय शिल्लक आहे ते एकदा बघा. आम्हाला सगळ्यांनाच ते बोलून दाखवता येत नाही.