माझी तोटी सरळच होती

मी एक जुनी पितळी किटली आहे, आणि मित्रांनो, आधीच छातीठोकपणे सांगते, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. किटलीला छाती कुठली म्हणाल, तर पोट आहे ना चांगलं ढेरपोट! मग पोटठोकपणे म्हणा. यातलं काही खोटं निघालं तर माझ्या बुडाला भोक पडो आणि लोक माझ्यात रोपटं लावोत.

माझा जन्म एका तांबटाच्या भट्टीत झाला. एका बँडवाल्याचा चेपलेला कर्णा आणि एका बोटीवरची तडकलेली घंटा, दोघांना एकत्र वितळवून त्याने मला घडवलं. म्हणून तर माझ्यातलं पाणी तापलं की आधी सूर लागतो, मग वाफ येते. त्याने मला ठोकून ठोकून गोल केलं, आतून कल्हई केली आणि तोटी बसवताना तर श्वासच रोखून धरला. तोटी बसल्यावर डोळा बारीक करून पाहिलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली. इतकी सरळ तोटी त्याच्या हातून पुन्हा झाली नाही, असं तो शेजारच्या लोहाराला सांगत होता. मी स्वतः ऐकलंय.

तिथून मी आले ती बस डेपोच्या फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात. दुकान दोघींचं, नणंद आणि भावजय. नणंद गल्ल्यावर, भावजय माझ्यावर. त्या एकमेकींना 'वन्सं' आणि 'वहिनी' म्हणायच्या, त्यामुळे सगळा डेपो तेच म्हणायचा. झुपकेदार मिशांचे ड्रायव्हरसुद्धा दारातून ओरडायचे, "वन्सं, दोन चहा!"

दोघींना टोमण्याशिवाय घास पचत नसे.

"वहिनी, चहा ओततेस की विहीर उपसतेस? आवर की!"

"वन्सं, तुम्ही गल्ला सांभाळा. ओतायला हात लागतो, जीभ नाही."

"माझी जीभ आहे म्हणून गिऱ्हाईक टिकलंय."

"माझी धार आहे म्हणून तुमची जीभ लोक सहन करतात."

आणि खरंच, काय ती धार, मित्रांनो! वहिनी मला डोक्याच्या वर उचलायच्या आणि खाली कमरेजवळच्या ग्लासात चहाची अशी बारीक धार सोडायच्या, की बघणाऱ्याने घोट घ्यायचं विसरावं. एकदा तर एक माशी त्या धारेतून अंघोळ करून पंख झटकत निघून गेली, पण धार तुटली नाही. एकदा वहिनींनी दुकानाच्या माळ्यावरच्या खिडकीतून, चालू बसमध्ये बसलेल्या ड्रायव्हरदादांच्या ग्लासात चहा ओतला. बस पुढे गेली, धारही वळली. विश्वास बसत नसेल तर त्या बसला विचारा.

मग एके दिवशी धार ग्लासाच्या बाहेर पडली.

"हात हलला वाटतं," वहिनी पुटपुटल्या आणि फडकं फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे तर रोज टेबलावर चहाचं तळं. त्याच सुमारास त्यांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. बिस्किटांची बशी टेबलावर ठेवायला जायच्या आणि ती काठाच्या अलीकडेच हवेत सोडून द्यायच्या. उजवीकडच्या बाकावर कोण बसलंय, याचा पत्ताच नसायचा. डेपोतला मेकॅनिक तर रुसलाच. "वहिनींना हल्ली गर्व झालाय," तो वन्संना म्हणाला. "मी इथे ताटकळतोय आणि त्या डावीकडच्यालाच दुसऱ्यांदा विचारतायत."

खरी गोष्ट अशी, की उजवा डोळा केव्हाच कामावर यायचा थांबला होता. पण डावा डोळा पडला भिडस्त! जोडीदार दांडी मारतोय, हे त्याने मालकिणीच्या कानावर घातलंच नाही. दोघांचं काम एकटाच ओढत राहिला. वहिनींना समोरचं सगळं दिसत होतं, म्हणून त्यांना वाटलं सगळं ठीक आहे. फक्त उजवीकडचं सुटून जायचं, आणि कुठली वस्तू जवळ, कुठली लांब, हे कळेनासं झालं होतं.

मग दोष कोणाचा? नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या बिचाऱ्या अंगणाला काय वाटत असेल, याचा विचार कधी केलाय? मी केलाय. कारण मीच ते अंगण!

"हिची तोटीच वाकडी झालीय," वहिनी म्हणाल्या आणि मला उचलून थेट तांबटाकडे घेऊन गेल्या.

तांबट आता म्हातारा झाला होता. त्याने मला फिरवून पाहिलं, पाणी भरून ओतलं आणि म्हणाला, "ताई, ही तोटी माझ्या नाकापेक्षा सरळ आहे."

"मग नाकही ठोकून घ्या," वहिनी म्हणाल्या, आणि तरातरा निघाल्या. जाताना उजवा खांदा त्याच्या दाराला लागलाच.

दुकानात नवी स्टीलची किटली आली. गोरीगोमटी, चकचकीत, डोक्यात मात्र काही नाही. माझी रवानगी वरच्या फळीवर झाली, फाटकी गाळणी आणि बंद पडलेलं घड्याळ यांच्या शेजारी. मोडीत घालायच्या वस्तूंची ती फळी. मित्रांनो, अंगावर धूळ बसली त्याचं मला एवढं वाटलं नाही, पण नाव वाकडं झालं ते फार लागलं. तरी वरून बघत राहिले. नव्या किटलीनेही सांडलं! मग ग्लासांची पाळी आली, मग टेबलाची. वहिनी सगळ्यांवर चिडल्या.

एका दुपारी त्या ग्लास विसळत होत्या. साबणाचा फेस उडून डाव्या डोळ्यात गेला. त्यांनी मनगटाने डोळा दाबून धरला आणि म्हणाल्या, "वन्सं, दिवा का घालवलात?"

"भर दुपारी दिवा लावायला मला काय वेड लागलंय?" वन्सं म्हणाल्या.

वहिनींनी मनगट काढलं. दुकान दिसलं. पुन्हा डावा डोळा झाकला. दुकान गेलं. कडेला थोडा उजेड, बाकी राखाडी धूर. पुन्हा उघडला, पुन्हा झाकला. विसळता ग्लास सोडून त्या भिंत चाचपायला लागल्या, तेव्हा वन्सं गल्ला तसाच उघडा टाकून धावल्या. त्यांनी गल्ला उघडा टाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी गेले नव्हते, पण वन्संनी तो प्रसंग इतक्यांदा सांगितला, की मला पाठ झालाय. उजव्या डोळ्याचा रक्तपुरवठा अडला होता, आणि आता ती नजर परत येणार नव्हती. डावा डोळा मात्र ठणठणीत होता. "अंतराचा अंदाज पुन्हा यायला काही महिने जातील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मान पूर्ण वळवून बघायची सवय लावा. आणि घाबरून कामं सोडू नका."

वहिनी घाबरल्या नाहीत. घाबरल्या त्या वन्सं!

दुसऱ्या दिवसापासून वन्सं गोड बोलायला लागल्या. "वहिनी, तुम्ही बसा हो. वहिनी, तुम्ही उठू नका हो." ज्या बाईने जन्मभर 'अगं-तुगं' केलं, ती 'अहो-जाहो' करायला लागली. टोमणा नाही, चिमटा नाही. वहिनींना कोपऱ्यात स्टूल दिलं आणि पुसायला झाकणं दिली. स्टीलची किटली वन्संनी स्वतःच्या हातात घेतली. त्यांचं ओतणं म्हणजे म्हैस धुतल्यासारखं. अर्धा चहा ग्लासात, अर्धा कंडक्टरच्या मांडीवर. आणि कंडक्टर बिचारा म्हणायचा, "छान झालाय हो चहा, गरम आहे."

वहिनी एकच झाकण पुन्हा पुन्हा पुसत बसायच्या. डोळा गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं होतं, पण हातातली किटली गेली आणि वर टोमणाही गेला, हे काही घशाखाली उतरेना. आपल्याच दुकानात आपण पाहुण्या. आता मरेपर्यंत असंच का, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर मला फळीवरूनही वाचता येत होता.

एक दिवस बसगाड्या बाहेर गेलेल्या, दुकान रिकामं, वन्सं साखर आणायला गेलेल्या. वहिनी उठल्या. स्टीलच्या किटलीत पाणी भरलं, ओतलं. बाहेर. पुन्हा ओतलं. बाहेर. तोटी ग्लासावर टेकवून पाहिली, तर नुसतं 'थप' झालं, आणि किटली सरकली. मग त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. स्टूल चाचपलं, जपून चढल्या, मला धरायला हात पुढे केला आणि मूठ हवेतच मिटली. मी इकडे, मूठ तिकडे! दुसऱ्यांदा मात्र माझी कडी बरोबर सापडली.

मला धुतलं, पाणी भरलं, ओतलं. तेही बाहेर. आता मात्र वहिनींचा पारा चढला. "तुझं काय करू गं मी!" म्हणत त्यांनी माझी तोटी ग्लासाच्या काठावर आपटली.

'टिण्ण!'

वहिनी थबकल्या. माझ्या पोटातली घंटा वाजली होती. त्यांनी पुन्हा तोटी हळूच पुढे नेली. 'टिण्ण'. काठ सापडला! तोटी तिथेच टेकवली आणि मला कलतं केलं. पाणी आत. सगळं आत. ग्लास भरत आला तसा पाण्याचा आवाज बारीक होत गेला, आणि त्या आवाजावरच त्या थांबल्या. दुसरा ग्लास, 'टिण्ण'. तिसरा, 'टिण्ण'.

वन्सं साखरेची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. दार उजवीकडे, त्यामुळे वहिनींना त्या दिसल्याच नाहीत, पण मला दिसल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. मग त्यांनी नाक पुसलं, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "काय गं, शाळा सुटली का? घंटा कसली बडवतेस?"

वहिनींनी मान पूर्ण वळवली. "काय म्हणालात?"

"बहिरीसुद्धा झालीस का? म्हटलं, घंटा कसली बडवतेस!"

"शाळा सुटली नाही, भरलीय," वहिनी म्हणाल्या. तोंड हसत होतं. "तुम्ही पहिल्या बाकावर बसा. कंडक्टरची विजार रोज कोण धुणार?"

वन्संनी पिशवी खाली ठेवली, स्टीलची किटली उचलली आणि तिच्यात साखर भरून टाकली. अजूनही ती साखरेचंच काम करते. गुणी आहे तशी.

आता डेपोतल्या प्रत्येकाला माहीत आहे, 'टिण्ण' झालं की चहा आला. उजवीकडचं बाक डावीकडे आलं. दाराच्या चौकटीला मेकॅनिकने पिवळा रंग फासला, आणि उजव्या बाजूने कोणी आलं की आधी आवाज देतं. सगळंच काही परत आलं नाही. सुईत दोरा वन्संच ओवतात, आणि बसमधून उतरताना वहिनी कोणाचा तरी खांदा धरतात. पण किटली त्यांच्या हातात आहे आणि टोमणे दोघींच्या तोंडात. ग्लासाला टेकून टेकून माझ्या तोटीला एक खाच पडलीय. दागिना आहे तो माझा.

ड्रायव्हरदादा निवृत्त झाले, त्या दिवशी नवेकोरे बूट घालून आले आणि म्हणाले, "वहिनी, एकदाच, ती जुनी धार." सगळा डेपो गोळा झाला. वहिनींनी मला डोक्याच्या वर उचललं, धार सोडली आणि एक थेंबही सांडला नाही.

तर मित्रांनो, मी जुनी झाले, माझं एवढं ऐका. अधूनमधून एक डोळा झाका आणि दुसऱ्याने बघा, मग दुसरा झाका. घरातल्या आजी-आजोबांनाही बघायला सांगा. काही वेगळं वाटलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. कोणाच्या हातून सांडलं, कोणी ओळख दिली नाही, तर गर्व झाला म्हणू नका. आणि ज्याचा डोळा अधू झाला, त्याच्या हातातलं काम काढून त्याला कोपऱ्यात बसवू नका. बसवलंतच तर निदान टोमणे चालू ठेवा.

बरं, एक सांगून टाकते, पोटात राहत नाही. तो थेंबाचा तपशील मी माझ्या पदरचा घातला. थेंब सांडला. थेंब कसला, अख्खा ग्लास सांडला, ड्रायव्हरदादांच्या उजव्या बुटात. सगळे बुटाकडे बघायला लागले. मग वन्सं म्हणाल्या, "दादा, पाय हलवून घ्या, साखर खाली बसली असेल." आणि वहिनी मला टेबलावर टेकवून, पोट धरून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी डोळे पुसले, मला पुन्हा उचललं आणि म्हणाल्या, "दुसरा बूट पुढे करा!"